होळकरी पैशापासून सुरुवात : इंदूरात नाणी-तिकिटं जमवणाऱ्या नवख्यांसाठी

इंदूरातल्या जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचे दोन-चार रुपये निघतातच. कुठे राणीछाप, कुठे राजाछाप. माळ्यावरच्या ट्रंकेत संस्थानी स्टॅम्प पेपर, आजोबांच्या नोकरीचे कागद, एखादा मोडी दस्त, रबर बँडने बांधलेली पोस्टाची पाकिटं. घर बिल्डरला देताना किंवा फ्लॅटवर राहायला जाताना हे सगळं बाहेर येतं. मग कुणीतरी फोनवर 'हे नाणं विका, लाखो मिळवा' असा व्हिडिओ दाखवतं, कुणी नाणी चिंच लावून घासून काढतं, आणि कागद अटाल्यात, म्हणजे भंगारात, जातात.

हे थांबावं म्हणून, आणि त्यातल्या काहींनी पुढे जमवायलाही लागावं म्हणून, लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. इंदूरात राहणाऱ्या नवख्याने रोमन नाणी, मोगल मोहरा, परदेशी नोटा यांच्या मागे लागू नये. माळव्यातल्या मराठी संस्थानांपासून सुरुवात करावी. माल इथेच आहे, जाणकार इथेच आहेत, घराघरात धागेदोरे आहेत, आणि तांब्याचे पैसे अजूनही खिशाला परवडतात. आधी छंद, तो मुरला की धंदा, आणि गुंतवणुकीचा विचार त्यानंतर. हा क्रम उलटा केलेले लोकच बहुतेक वेळा फसतात.

काहीही धुवू नका, काहीही कापू नका

तांब्याच्या नाण्यावर शंभर वर्षांत जो तपकिरी-चॉकलेटी थर चढतो, तो मळ नव्हे. तो धातूचाच पृष्ठभाग झालेला असतो आणि खालच्या धातूला पुढच्या झिजेपासून वाचवतो. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लावलं की थर जातो, गुलाबीसर कच्चं तांबं उघडं पडतं आणि भिंगाखाली बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. जाणकार ते नाणं हातात घेताक्षणी 'क्लीन केलंय' म्हणून खाली ठेवतो. किंमत अर्ध्यावर येते, कधी त्याहूनही खाली. चांदीचंही तेच. काळपट, निळसर छटा आलेला रुपया चकचकीत रुपयापेक्षा जास्त मोलाचा असू शकतो.

कागदांच्या बाबतीत नवखे लोक कात्री चालवतात. पाकिटावरचं तिकीट कापून घेतात, स्टॅम्प पेपरवरचा छापील शिक्का तेवढा काढून वहीत चिकटवतात. तिकीट, त्यावरचा पोस्टाचा शिक्का, पत्ता, मागच्या बाजूचा पोहोच शिक्का असं अख्खं पाकीट सुट्या तिकिटाच्या कित्येक पट महत्त्वाचं असतं, कारण त्यावरून पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेने गेलं आणि किती दिवसांनी पोचलं ते कळतं. स्टॅम्प पेपरवरचा मोडी मजकूर तर त्या शिक्क्याहून मोठा ऐवज आहे.

घरातला कलदार ओळखा

शिकायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे घरातला इंग्रजी रुपया, आपल्याकडचा कलदार. त्याचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयांत 91.7 टक्के चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली, आणि 1947 चा रुपया चक्क निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. घरातली मुलंसुद्धा ही परीक्षा करू शकतात.

आता राणीछाप रुपया भिंगाखाली धरा. छाप्यावर व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन' आहे की 'एम्प्रेस' ते बघा. 1877 पासून 'एम्प्रेस' आलं. 'क्वीन'वाल्या रुपयावर 1862 साल असेल, तर तो 1862 चाच असेल असं नाही. पुढे 1874 पर्यंत रुपयांवर तेच साल छापत राहिले, आणि वर्ष ओळखण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीने काट्याच्या बाजूला, नक्षीतल्या फुलाजवळ आणि सालाखाली, बारीक ठिपके घातले. ठिपके वर किती, खाली किती, यावरून नाणं कोणत्या खेपेचं ते ठरतं. काही जोड्या सर्रास मिळतात, काही फार कमी. दोन रुपये शेजारी ठेवले तर उघड्या डोळ्यांना एकसारखे दिसतात. एकाची किंमत चांदीच्या भावाइतकी आणि दुसऱ्याची तिच्या कितीतरी पट, हा सगळा फरक मोहरीहून बारीक ठिपक्यांत आहे. ज्याला हे ठिपके मोजताना गोडी वाटली, त्याने या छंदात जरूर यावं.

पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाची हकीकतही अशीच. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली, लोकांना तो डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि सरकारला नाणी मागे घ्यावी लागली. 1912 पासून हत्ती सुधारून आला. आणि घरात 1939 चा रुपया निघाला तर हुरळून जाऊ नका. तो दुर्मीळ आहे म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत. दुसऱ्या सालातला आकडा कोरून 9 केलेले रुपयेही फिरतात. शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग बाकीच्या मैदानापेक्षा, म्हणजे नाण्याच्या सपाट मोकळ्या भागापेक्षा, खोल किंवा खरखरीत लागतो का, ते भिंगातून बघायचं.

विषय एकच धरा : माळव्यातली मराठी संस्थानं

'जे मिळेल ते' जमवणाऱ्याकडे दहा वर्षांनी डबे भरलेले असतात, संग्रह नसतो. विषयाला कुंपण घातलं की वाचायचं काय, शोधायचं काय आणि कशाला नको म्हणायचं, हे सगळं आपोआप ठरतं.

आपल्या कुंपणात होळकर, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, धारचे पवार आणि शिंदे. सुरुवात वरून, म्हणजे अहिल्याबाईंच्या रुपयापासून, करावीशी वाटते. भावना मला समजते, पण थोडं थांबा. तो रुपया दिल्लीच्या शाह आलम दुसऱ्याच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेला आहे. अहिल्याबाईंचं नाव त्यावर नाही. ओळख पटते ती शिवलिंग आणि बेलपानाच्या खुणेवरून, आणि टांकसाळीचं नाव दिसलं तर त्यावरून. इंदूरच्या टांकसाळीचं नाव मल्हारनगर. महेश्वरलाही टांकसाळ होती. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कुठल्याही एका नाण्यावर पूर्ण मजकूर उतरलेला नसतो. म्हणून असा रुपया घेताना 'चांगला दिसतो का' यापेक्षा टांकसाळीचं नाव, खूण आणि साल यांतलं काय काय चकतीवर आलंय हे पाहायचं. खूण ठसठशीत आणि साल पूर्ण असेल तर त्याला जादा पैसे द्यायला हरकत नाही. हिजरी साल इसवीत आणायला त्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. हिजरी 1200 म्हणजे 1785-86, बाईंच्याच कारकिर्दीतलं. मात्र शाह आलम 1806 मध्ये गेल्यावरही इंदूरची नाणी त्याच्या नावाने बराच काळ निघत राहिली, त्यामुळे नुसतं नाव वाचून काळ ठरवू नका.

नवख्याने हात घालावा तो शिवाजीराव होळकरांच्या तांब्याला. बसलेल्या नंदीची पाव आणा आणि अर्धा आणा ही नाणी देवनागरीत आहेत, त्यामुळे वाचता येतात. साल विक्रम संवतात असतं, त्यातून 57 वजा केले की इसवी सन. नंदीचं वशिंड आणि मान हे सगळ्यात उंच भाग, म्हणून झीज तिथे आधी दिसते. वशिंडाची कड सुटी दिसत असेल आणि पायांची घडी मोजता येत असेल, तर नाणं फार हिंडलेलं नाही. याच राजाचे 1900 च्या सुमाराचे, पगडीतल्या चेहऱ्याचे रुपये देखणे आहेत, पण महाग आहेत आणि त्यांच्या नकलाही निघाल्या आहेत. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. त्यानंतर यशवंतराव दुसऱ्यांची संवत 1992 ची, म्हणजे 1935 ची, त्यांच्या चेहऱ्याची पाव आणा आणि अर्धा आणा. एवढ्यात होळकरी तांब्याची एक छोटी, नेटकी ओळ तयार होते.

धारसाठी 1887 साली आणि देवाससाठी 1888 साली तांब्याची नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला व्हिक्टोरियाचा चेहरा आणि दुसरीकडे संस्थानाचं नाव. देवासची दोन्ही पात्यांची वेगवेगळी. एकाच गावात दोन राजे आणि दोघांचे वेगळे पैसे, ही गोष्ट शाळेतल्या मुलाला नाणं हातात देऊन सांगावी. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची संवत 1970 ची पाव आणा तर मुबलक आहे, जाड आणि पातळ अशा दोन्ही चकत्यांची. संवत 1986 च्या जिवाजीरावांच्या पाव आण्याचंही तसंच. शिंद्यांचे नाग आणि सूर्य ओळखायला, वजन करायला, प्रत ठरवायला शिकायचं ते या स्वस्त नाण्यांवर.

लागतं काय

दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, लोहचुंबक आणि एक वही. एवढं पुरतं. तिकिटांसाठी बोथट टोकाचा चिमटा. सगळं मिळून एका बऱ्या कलदाराच्या किमतीत येतं. नाणं नेहमी कडेने धरायचं, खाली मऊ कापड अंथरून.

त्याआधी जीपीओजवळच्या केंद्रीय संग्रहालयात दोन-चार वेळा जाऊन खरा माल डोळ्यांखालून घाला. मुंबईला गेलात तर फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, अभ्यासाची ओढ लागलेल्यांनी तिथली वाट धरावी.

बाजारात कसं वागायचं

सराफ्यात दिवसा जा, दुकानं उघडी असताना. रात्रीचा सराफा खाण्याचा. दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, "काका, कलदार वजनावर देता की छापावर?" वजनावर म्हणजे चांदीच्या भावाने, छापावर म्हणजे साल-खूण पाहून जादा. बरेच सराफ वजनावरच देतात-घेतात, आणि शिकणाऱ्याला संधी असते ती इथे, कारण ठिपके मोजायला त्यांना वेळ नसतो. दिवाळीच्या आधी मात्र सांभाळा. त्या दिवसांत राणीछाप, राजाछाप नक्षीचे नवे चांदीचे शिक्के बाजारात येतात. पूजेला ते चांगले, संग्रहाला नाहीत.

बर्तन बाजारात जुन्या तांब्या-पितळेबरोबर कधी नाणी येतात, खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांत कधी पोस्टकार्डं आणि स्टॅम्प पेपर सापडतात. ओळखीच्या अटालेवाल्याला 'जुना कागद आला की आधी मला दाखव' एवढं सांगून ठेवलंत तर वर्षातून एकदा तरी फोन येतो. त्याला योग्य पैसे द्या. त्याला माहीत नाही म्हणून पाच रुपयांत उचललेला दस्त एकदाच मिळतो, पुढची खेप तो दुसऱ्याला दाखवतो. शहरात अधूनमधून नाणी-तिकिटांची प्रदर्शनं भरतात. तिथे पहिल्या दिवशी फक्त बघा, भाव विचारा, वहीत टिपा आणि दुसऱ्या दिवशी खरेदी करा.

खरं-खोटं ओळखायची सवय हळूहळू लागते. ओतीव नकलेची अक्षरं मऊ असतात, मैदानावर बारीक फुटकुळ्या किंवा खड्डे असतात, कडेवर कधी साच्याची सांध दिसते. वजन दोन-तीन टक्क्यांहून जास्त हटलं आणि झीज त्या मानाने नसेल, तर नाणं परत करा. चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकवला तर लांब, खणखणीत नाद येतो. शिशाच्या भेसळीचा बद्द वाजतो. चिरलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

आता तीन फसवणुकी, ज्या आपल्याकडे घरोघर पोचल्या आहेत.

पहिली, 'ईस्ट इंडिया कंपनी'ची 1616, 1717 किंवा 1818 सालची नाणी, ज्यांवर राम दरबार, हनुमान, ॐ किंवा कमळ असतं. अशी नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. ही अलीकडे बनवलेली पदकं आहेत. 1818 साल आणि 'हाफ आना' असं लिहिलेला हनुमान कुणी लाखात देऊ केला तर नमस्कार करून निघा. देवळांतून मिळणाऱ्या जुन्या रामटंका ही वेगळी वस्तू. त्या पूजेच्या टाकांसारख्या, चलन नव्हेत, आणि त्यांतही नव्या पुष्कळ आहेत.

दुसरी, 'राइस पुलर'. तांदूळ ओढून घेणारं जुनं नाणं किंवा तांब्याचं भांडं, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार, आधी तपासणीची फी भरा. ही सरळ लूट आहे. असं नाणं जगात नाही.

तिसरी, ऑनलाइन. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, 786 आकड्याची नोट लाखांत घेतो म्हणणारा माणूस नोंदणीचं, कराचं, कमिशनचं शुल्क आधी मागतो आणि गायब होतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाची खोटी पत्रंही दाखवतात. बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर खुलासा केला होता की ती अशा व्यवहारांत नाही आणि कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा व्यवहार कुठल्याही अस्सल बाजारात नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जरूर समजावून सांगा, फोन त्यांनाच जास्त येतात.

तिकिटं आणि कागद

होळकर संस्थानाचं पहिलं तिकीट 1886 चं, अर्ध्या आण्याचं, तुकोजीराव दुसऱ्यांच्या चेहऱ्याचं, लंडनला वॉटरलो कंपनीत छापलेलं. पुढची तुकोजीराव तिसऱ्यांची आणि यशवंतरावांची तिकिटं पर्किन्स बेकनने छापली, आणि 1940 नंतरची मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात. पर्किन्स बेकनची तिकिटं आणि ही शेवटची शेजारी ठेवा. आधीच्या छपाईत रेषा कोरीव, शाई बोटाला किंचित उंच लागते. नंतरची सपाट. फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

ग्वाल्हेरने 1885 पासून वेगळा मार्ग धरला. ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर 'ग्वालियर' हे नाव दोन लिप्यांत छापून घेतलं. अशा छापात अक्षरं चुकलेली तिकिटं मिळतात आणि त्यांना भाव आहे. म्हणूनच साध्या तिकिटावर खोटा छाप मारणारेही आहेत. चुकीच्या छापाचं तिकीट तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय घेऊ नका. धारची 1897 पासूनची तिकिटं छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली, त्यावर काळा लंबगोल हातशिक्का. गावठी दिसतात आणि मला फार आवडतात.

नवी तिकिटं हवी असतील तर पोस्टात फिलाटेलिक डिपॉझिट खातं उघडा. किमान 200 रुपये भरले की नवी तिकिटं घरी येत राहतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी पोस्टाची दीनदयाळ स्पर्श योजना आहे, त्यात निवड झाली तर वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. मुलाला विषय सुचत नसेल तर होळकरांचं क्रिकेट सुचवा. या संघाने रणजी करंडक चारदा जिंकला आणि सी. के. नायडूंवर 1996 साली तिकीटही निघालं आहे. सामन्यांची जुनी तिकिटं, स्कोअरकार्डं, वर्तमानपत्रांची कात्रणं लावली की शहराचाच इतिहास उभा राहतो.

मोडी कागदांबद्दल कळकळीने सांगतो. वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी होत नाहीत. मोडी शिकायला काही महिने लागतात, वर्ग ऑनलाइनही चालतात. तोवर कागद सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सरकारी दफ्तराचा शिक्का किंवा नोंद असलेला कागद कुणी विकायला आणला तर घेऊ नका. तो दफ्तरातून निघालेला असू शकतो.

जपणूक

दुकानात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बमात पीव्हीसी असतं. इंदूरच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षांतच तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी, ज्यांत पॉलिएस्टरची पारदर्शक फित असते, त्या घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मृगापासून दसऱ्यापर्यंत अधूनमधून बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. तिकिटं गोंदाच्या बाजूने कशालाही चिकटवू नका, स्टॉकबुकात, म्हणजे पट्ट्यांचे खिसे असलेल्या वहीत, सरकवा.

कायद्याच्या चार गोष्टी

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, चित्र ही पुरावस्तू. ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखितं आणि दस्तऐवज 75 वर्षांतच त्या व्याख्येत येतात. घरी ठेवायला, हौसेने जमवायला आडकाठी नाही, मात्र मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. पुरावस्तू देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. अमेरिकेतल्या भाच्याला पार्सलमधून अहिल्याबाईंचा रुपया भेट म्हणून पाठवणंही यातच आलं.

शेत नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना जमिनीत पुरलेलं काही सापडलं, तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'खोदकामात निघालंय' असं हळू आवाजात सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. हस्तिदंत, वाघनख, कातडी हे वन्यजीव कायद्याखाली आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये.

धंदा करायचा तर

छंदात एकाच प्रकारची दोन-दोन जमलेली नाणी विकण्यापासून धंदा सुरू होतो, आणि बहुतेकांनी तिथेच राहावं. एक नाणं चांगल्या प्रतीचं मिळालं की आधीचं झिजलेलं विकून टाकायचं. त्यातून बाजाराचे खरे भाव कळतात. दुकानदार ज्या भावाने विकतो आणि ज्या भावाने तुमच्याकडून घेतो, त्यांत मोठी फट असते. त्याला माल महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो, त्यामुळे ती फट रास्तच आहे. तुम्ही उतरलात की तुम्हालाही तीच ठेवावी लागेल.

शंभर वर्षांहून जुन्या मालाची नियमित खरेदी-विक्री करायला वर सांगितलेल्या कायद्याखाली परवाना लागतो. जीएसटी आणि आयकर यांचं सीएला आधीच विचारून ठेवा. ऑनलाइन विकताना दोन्ही बाजूंचे, कडेचा आणि काट्यावरच्या वजनाचा असे फोटो द्या, दोष लिहून द्या, आणि परत घेण्याची मुदत ठेवा. या धंद्यात गिऱ्हाईक नावावर येतं. एकदा नकली माल खपवला की प्रदर्शनातल्या सगळ्या टेबलांवर त्याची खबर संध्याकाळपर्यंत पोचते.

गुंतवणूक म्हणून बघताना

कलदाराच्या किमतीत दोन भाग असतात. एक चांदीचा, तो रोज बदलतो. दुसरा साल, खूण आणि प्रत यांचा. नुसती चांदी हवी असेल तर चांदीच घ्या, त्यात कमी कटकट आहे. दुसरा भाग वाढावा असं वाटत असेल तर तो का वाढेल याचं उत्तर तुम्हाला स्वतःला देता आलं पाहिजे. किती नाणी शिल्लक आहेत, किती जण शोधतायत, आणि तुमचं नाणं त्यांत कितव्या प्रतीचं आहे.

मुंबईचं तोडीवाला, बेंगळुरूचं मरुधर आर्ट्स, अहमदाबादचं क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा लिलावगृहांचे कॅटलॉग आणि प्रत्यक्ष मिळालेले भाव ऑनलाइन बघता येतात. विकत घेण्याआधी तुमच्या विषयातले मागच्या चार-पाच वर्षांचे भाव काढून वहीत उतरवा. लिलावात हातोडीच्या भावावर कमिशन आणि कर चढतात, तेही धरा. महाग नाणं असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या बंद डबीतलं नाणं घेणं बरं. पण डबीचीही नक्कल होते, म्हणून तिच्यावरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

सरकारी स्मारक नाण्यांबद्दल नेहमी विचारतात. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचं 300 रुपयांचं नाणं 31 मे 2025 ला भोपाळला प्रकाशित झालं, आणि इंदूरच्या माणसाला ते घ्यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. जरूर घ्या, पण प्रेमापोटी. असे संच दर्शनी किमतीच्या कितीतरी वर विकले जातात आणि ज्यांना हवेत त्यांना ते मिळालेले असतात, त्यामुळे भाव चढायला कारणच उरत नाही. 1980 नंतरच्या बहुतेक फर्स्ट डे कव्हरांचं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेल्या पाकिटांचं, हेच झालं आहे. उलट गांधीजींचं 15 ऑगस्ट 1948 चं दहा रुपयांचं तिकीट बघा. त्या काळात दहा रुपये सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून घेणारे कमी निघाले. त्यातलं 'सर्व्हिस' छापाचं तर सरकारी वापरापुरतंच निघालं. त्याच छापाच्या चार तिकिटांच्या एका गठ्ठ्याला 2017 साली पाच लाख पौंड मिळाले. तुमच्या घरात ते असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे आणि त्याच्या नकला ढिगाने आहेत.

माझ्या मते, संसाराच्या बचतीतला जो पैसा दहा वर्षं लागणार नाही, त्यातलाही छोटा हिस्साच इकडे वळवावा. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी ठेवलेला पैसा नाण्यांत घालू नये. गरजेच्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळत नाही, आणि घाईतल्या माणसाला वजनाचा भाव मिळतो.

वही

प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या. त्यापुढे कधी, कुठून, कितीला घेतली, वजन, व्यास, प्रत आणि दोन्ही बाजूंचे फोटो. पावती असेल तर तिची प्रत. उद्या विकताना नफ्यावरचा कर काढायला, चोरी झाली तर पोलिसांत द्यायला, विमा उतरवायला हीच वही लागते. शेवटच्या पानावर घरच्यांसाठी लिहून ठेवा की यातल्या कुठल्या वस्तू वजनाने विकायच्या नाहीत, आणि विकायची वेळ आलीच तर आधी कुणा दोघांना दाखवायच्या. ती दोन नावं वर्षातून एकदा तपासून बदलत जा.